लाइट आली, पण सर्व्हर उठला नाही? लिनक्सवर सर्व्हिस बूटसोबत आपोआप कशी सुरू करायची

पुणे परिसरात गुरुवार म्हटलं की काय, हे वेगळं सांगायला नको. महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामं बहुतेक वेळा याच दिवशी निघतात. सकाळी लाइट जाते, दुपारी कधीतरी येते. घरात फ्रिज आणि पंखा आपापले सुरू होतात. कॉम्प्युटरचं तसं नसतं.

एक उदाहरण घेऊ. लोणी काळभोरला राजबागेत एमआयटी एडीटी विद्यापीठ आहे, त्यामुळे आसपास होस्टेल, पीजी आणि मेस भरपूर. समजा, अशा एका मेसमध्ये जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून कूपनचं सॉफ्टवेअर चालवलंय. मुलगा काउंटरवर आला की काकू मोबाइलवर त्याचा नंबर टाकतात आणि या महिन्याची किती जेवणं उरली ते दिसतं. सॉफ्टवेअर लिहिलं काकूंच्या भाच्याने, आणि तो आता नोकरीला हिंजवडीत. गुरुवारी दहाला लाइट गेली, चारला आली. संध्याकाळी साडेसातला पन्नास-साठ मुलं रांगेत आणि मोबाइलवर पान उघडत नाही. मग वही काढायची, नावं लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी "काकू, मी काल आलोच नव्हतो" यावर हुज्जत घालायची. महिनाअखेरीचा हिशेब इथेच बिघडतो.

भाच्याने फोनवर विचारलं, "मावशी, कॉम्प्युटर चालू आहे ना?" आहे की! पडद्यावर उबुंटूचं लॉगिन दिसतंय. पण कॉम्प्युटर चालू होणं वेगळं आणि त्यावरचं आपलं काम चालू होणं वेगळं. भाच्याने पहिल्या दिवशी टर्मिनल उघडून प्रोग्रॅम हाताने चालवला होता आणि खिडकी मिनिमाइझ करून गेला होता. तो प्रोग्रॅम दर वेळी चालवायचा आहे, हे त्या मशीनला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

ते कसं सांगायचं, ते आज पाहू. एक सूचना आधीच: या लेखात कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची. कमांड सगळ्या लहान अक्षरांत असतात.

आधी मशीन स्वतः उठतंय का?

बरेच जण थेट लिनक्सच्या सेटिंगकडे वळतात. पण लाइट आल्यावर डेस्कटॉपचं बटण कुणी दाबलं? वरच्या उदाहरणात काकूंनी दाबलं. दुकान बंद असेल, मशीन माळ्यावर असेल, तर कोण दाबणार?

यासाठी बायोसमध्ये एक सेटिंग असतं. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ 2 दाबून बायोसमध्ये जायचं आणि पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज गेल्यानंतर काय करायचं ते शोधायचं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण पर्याय साधारण तीनच असतात: बंदच राहा, सुरू हो, किंवा वीज जाण्याआधी जसं होतं तसं हो. सर्व्हरसारखं वापरायचं मशीन असेल तर 'सुरू हो' निवडा. तिसरा पर्याय ऐकायला शहाणा वाटतो, पण लाइट जाण्याआधी कुणी मशीन नीट शटडाउन केलं असेल, तर लाइट आल्यावर ते बंदच राहील. रास्पबेरी पायला हा प्रश्न सहसा येत नाही. त्याला वीज मिळाली की तो उठतो. लॅपटॉपची गोष्ट उलटी. बॅटरी असल्यामुळे तो तासभर तग धरतो, पण बॅटरी पूर्ण उतरली की लाइट आल्यावर बरेचसे लॅपटॉप स्वतःहून उठत नाहीत.

हार्ड डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर मशीन उठूनही पासवर्ड मागत थांबेल. माहिती सुरक्षित राहते हे खरं, पण आपोआप सुरू होणं तिथेच संपलं. अशा मशीनजवळ पासवर्ड माहीत असलेला माणूस लागतो.

पहिली प्रोसेस आणि तिचं काम

लिनक्स सुरू होताना कर्नल एकच प्रोग्रॅम चालवतो. त्याचा प्रोसेस क्रमांक 1. पुढची सगळी मंडळी, म्हणजे नेटवर्क, डेटाबेस, लॉगिनचा पडदा, याच्यामार्फत उठतात. त्याला इनिट म्हणतात.

जुन्या युनिक्समध्ये हे काम साधं होतं: एक शेल स्क्रिप्ट, ती वरून खाली वाचायची, जे लिहिलंय ते चालवायचं. पुढे सिस्टम फाइव्ह युनिक्समधून रनलेव्हलची पद्धत आली. प्रत्येक सर्व्हिसची एक स्क्रिप्ट, आणि कोणती आधी कोणती नंतर हे फाइलच्या नावातल्या आकड्यावरून ठरायचं. एस 20 आधी, एस 80 नंतर. लग्नाच्या पंगतीसारखं, एक पंगत उठल्याशिवाय दुसरी बसायची नाही. मधलीच एखादी सर्व्हिस अडकली की मागच्या सगळ्या ताटकळत.

2005 मध्ये ॲपलने मॅकसाठी लाँचडी आणलं, 2006 मध्ये उबुंटूने अपस्टार्ट आणलं, आणि 2010 मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टमडी सुरू केलं. पोएटरिंग तेव्हा रेड हॅटमध्ये होते. ही तीच कंपनी जिचं पुण्यातलं ऑफिस मगरपट्ट्यातल्या सायबरसिटीत, म्हणजे लोणी काळभोरहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालं की हडपसरच्या अलीकडे-पलीकडे. फेडोराने 2011 मध्ये सिस्टमडी स्वीकारलं, रेड हॅटने 2014 मध्ये. डेबियनमध्ये यावरून जोरदार भांडण झालं. त्यांच्या तांत्रिक समितीत समसमान मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. नाराज मंडळींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. एकाच प्रोग्रॅमने इतकी कामं अंगावर घ्यावीत का, हा त्यांचा आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. पण आज उबुंटू, डेबियन, फेडोरा, रास्पबेरी पायची ओएस, सगळीकडे सिस्टमडीच आहे. तेव्हा तेच शिकलेलं बरं.

स्टार्ट वेगळं, एनेबल वेगळं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट कूपन

ही कमांड सर्व्हिस आत्ता सुरू करते. रीस्टार्टनंतरचं काही सांगत नाही.

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल कूपन

ही कमांड पुढच्या बूटपासून सर्व्हिस आपोआप सुरू व्हावी अशी नोंद करते. आत्ता काहीही सुरू करत नाही! नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. एनेबल केलं, पान उघडलं नाही, म्हणून स्टार्ट केलं, चाललं. किंवा फक्त स्टार्ट केलं, चाललं, खूश होऊन घरी गेला. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण चूक कळायला पुढचा गुरुवार उजाडावा लागतो. दोन्ही एकदम हवं असेल तर एनेबलपुढे दोन डॅश देऊन नाऊ लिहायचं:

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ कूपन

डिसेबलचंही तेच. डिसेबल केल्याने चालू सर्व्हिस थांबत नाही, ती फक्त पुढच्या वेळी उठत नाही.

एनेबल आतून करतं तरी काय? जादू काही नाही. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम या फोल्डरमध्ये मल्टी-यूजर.टार्गेट.वॉन्ट्स नावाचा फोल्डर असतो, त्यात आपल्या सर्व्हिसच्या फाइलकडे बोट दाखवणारा एक शॉर्टकट, म्हणजे सिमलिंक, तयार होतो. बूट होताना सिस्टमडी या फोल्डरमध्ये पाहतं आणि तिथे ज्यांची नावं आहेत त्यांना उठवतं. हजेरीपटात नाव घालणं, बस.

इथे एक फरक नोकरीच्या पहिल्या महिन्यात अनेकांना चकवतो. उबुंटू किंवा डेबियनवर डेटाबेस किंवा वेब सर्व्हरचं पॅकेज टाकलं की ते सहसा लगेच सुरूही होतं आणि एनेबलही होतं. रेड हॅट, अल्मा, रॉकी या घराण्यात पॅकेज टाकलं तरी सर्व्हिस साधारणपणे गप्प पडून राहते. एनेबल तुम्हीच करायचं. कॉलेजात उबुंटूवर शिकलेला मुलगा ऑफिसात रॉकीवर डेटाबेस टाकतो, हाताने स्टार्ट करतो, आणि महिन्याभराने सर्व्हर रीबूट झाला की सगळे त्याच्याकडे बघतात.

आपल्या प्रोग्रॅमची फाइल

डेटाबेससारख्या तयार पॅकेजची फाइल आधीच असते. भाच्याच्या प्रोग्रॅमची नाही, ती आपण लिहायची. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम या फोल्डरमध्ये कूपन.सर्व्हिस नावाची फाइल बनवा आणि त्यात एवढं लिहा:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=मेसचं कूपन सॉफ्टवेअर
वॉन्ट्स=मारियाडीबी.सर्व्हिस नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=मारियाडीबी.सर्व्हिस नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

[सर्व्हिस]
यूजर=कूपन
वर्किंगडिरेक्टरी=/ओपीटी/कूपन
एक्झेकस्टार्ट=/ओपीटी/कूपन/व्हीएन्व्ह/बिन/पायथन ॲप.पीवाय
रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रिस्टार्टसेक=5

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचे शब्द कॅपिटल अक्षराने सुरू होतात. जोडशब्द असेल तर दुसऱ्या शब्दाचंही पहिलं अक्षर कॅपिटल, मध्ये जागा नाही.

फाइल लिहिली किंवा बदलली की आधी सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड, मग एनेबल --नाऊ. इन्स्टॉलचा भाग विसरलात तर एनेबल तक्रार करेल, कारण कोणत्या हजेरीपटात नाव घालायचं हे त्याला कळणार नाही.

"पण मी हाताने चालवला तेव्हा चालत होता, सर्व्हिस म्हणून का चालत नाही?" हा प्रश्न फार वेळा येतो. उत्तर बहुतेक वेळा फोल्डरमध्ये सापडतं. हाताने चालवताना तुम्ही प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये उभे असता, तुमच्या नावाने लॉगिन झालेले असता, तुमच्या शेलने दहा गोष्टी आधीच सेट केलेल्या असतात. सर्व्हिसला यातलं काही मिळत नाही. वर्किंगडिरेक्टरी दिली नाही तर ती थेट मुळाच्या फोल्डरमधून सुरू होते, आणि प्रोग्रॅम मेन्यूची फाइल तिथे शोधत बसतो. म्हणून फोल्डर सांगा, पायथनचा पूर्ण पत्ता द्या, आणि ज्या यूजरच्या नावाने चालवायचं तो आधी तयार करा. यूजरची ओळ गाळलीत तर प्रोग्रॅम रूट म्हणून चालेल. जेवणाची कूपनं मोजायला रूटचे अधिकार कशाला हवेत?

ही सिस्टमची सर्व्हिस झाली. सिस्टमसीटीएलला --यूजर लावून स्वतःपुरती सर्व्हिसही बनवता येते, पण ती तुम्ही लॉगिन केल्यावरच उठते. लॉगिनशिवाय उठवायची असेल तर लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर ही कमांड त्या यूजरच्या नावाने द्यावी लागते. हे माहीत नसल्यामुळे लोक दिवस दिवस डोकं खाजवतात.

कोण आधी, कोण नंतर

वरच्या फाइलमध्ये मारियाडीबीचं नाव दोनदा आलंय, ते चुकून नाही. आफ्टर फक्त क्रम सांगतं: दोघंही उठणार असतील तर आधी डेटाबेस, मग मी. डेटाबेसला उठवा असं ते म्हणत नाही. ते काम वॉन्ट्सचं. उलट, फक्त वॉन्ट्स दिलं तर सिस्टमडी दोघांना एकदम उठवेल. जुन्या पंगतीच्या पद्धतीत आणि यात हाच फरक आहे. इथे कुणी कुणाची वाट पाहायची हे सांगितलं नाही, तर सगळे एकदम ताटावर बसतात.

वॉन्ट्सच्या जागी रिक्वायर्स हा कडक शब्दही वापरता येतो. डेटाबेस उठला नाही तर मीही उठणार नाही, असा त्याचा अर्थ. ऐकायला चांगला, पण अशा छोट्या ठिकाणी मी वॉन्ट्सच वापरेन. कारण असं की अवलंबून असलेली गोष्ट उठली नाही म्हणून आपली सर्व्हिस अडली, तर रिस्टार्टचा नियम तिला लागू होत नाही; ती तशीच पडून राहते. वॉन्ट्स असेल तर ती उठते, डेटाबेस न सापडल्याने पडते, पाच सेकंदांनी पुन्हा उठते. तोपर्यंत डेटाबेस आलेला असतो.

आणि डेटाबेसला वेळ लागू शकतो. अचानक लाइट गेली म्हणजे त्याचे व्यवहार अर्धवट तुटलेले असतात. उठल्यावर तो आधी आपल्या नोंदी तपासतो, अर्धवट ते मागे घेतो, पूर्ण झालेलं पक्कं करतो, आणि मगच 'तयार आहे' असं सिस्टमडीला कळवतो. हे कळवणं महत्त्वाचं, त्यावरच आफ्टरचा भरवसा असतो. भाच्याच्या साध्या प्रोग्रॅमसारखी सर्व्हिस असं काही कळवत नाही. ती चालू केली की सिस्टमडी झालं असं समजतं, आत ती अजून डोळे चोळत असली तरी.

नेटवर्कच्या बाबतीत दोन नावं सारखी दिसतात. नेटवर्क.टार्गेट म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम उठलाय, इतकंच. आयपी पत्ता मिळालाय असं नाही. पत्ता मिळेपर्यंत थांबायचं असेल तर नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट. पण लाइट एकाच वेळी आली की राउटरही त्याच वेळी उठत असतो, आणि पुष्कळदा तो कॉम्प्युटरपेक्षा सावकाश. ठरावीक वेळ वाट पाहून सिस्टमडी पुढे जातं. शिवाय पत्ता मिळाला म्हणजे इंटरनेट आलं असं नव्हे. इंटरनेट देणाऱ्याचा खांबावरचा डबाही कुठेतरी लाइटवरच चालतो. म्हणून प्रोग्रॅम इंटरनेटविना उठू शकेल असाच लिहावा.

रिस्टार्टसेकचा 5 हा आकडाही सहज टाकलेला नाही. ही ओळ दिली नाही तर सिस्टमडी सेकंदाच्या दहाव्या भागातच पुन्हा प्रयत्न करतं. आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून पाहिलं की हात टेकतं. म्हणजे डेटाबेस दुरुस्त व्हायला 20 सेकंद लागले, तर तोवर आपली सर्व्हिस कायमची बाद. पाच सेकंदांचं अंतर ठेवलं की 10 सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत, आणि ती चिकाटीने उठत राहते.

घड्याळ आणि जास्तीची डिस्क

मेससारख्या ठिकाणी तारीख म्हणजे पैसा. रास्पबेरी पायच्या 4 पर्यंतच्या मॉडेलमध्ये स्वतःचं घड्याळ नाही. 5 मध्ये आहे, पण त्याला बॅटरी वेगळी लावावी लागते. घड्याळ नसलेला पाय उठताना शेवटची नोंदवलेली वेळ धरून चालतो. दहाला लाइट गेली, चारला आली, तर त्याच्या लेखी अजून दहाच वाजलेत, इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत. रात्री लाइट गेली आणि सकाळी आली, तर नाश्त्याची कूपनं कालच्या तारखेत जातील. जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर 2032, संपला असेल तर याहून वाईट. तारीख काही वर्षं मागे जाते. सेल दुकानात स्वस्तात मिळतो, तो आधी बदला. पायसाठी वेळ जुळेपर्यंत सर्व्हिस थांबवता येते: सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिस एनेबल करायची आणि आपल्या फाइलमध्ये आफ्टरपुढे टाइम-सिंक.टार्गेट जोडायचं. मात्र मग इंटरनेट आलं नाही तर कूपनही येणार नाही. चुकीची तारीख बरी की बंद पान बरं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी घड्याळाचं छोटं मॉड्यूल विकत घेईन.

बॅकअपसाठी बाहेरची डिस्क लावून तिची ओळ एफएसटॅब फाइलमध्ये लिहिली असेल, तर त्या ओळीत नोफेल हा शब्द आहे ना ते पाहा. नसेल आणि डिस्कची केबल कुणी काढली असेल, तर सिस्टमडी दीड मिनिट तिची वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. मेस, डेटाबेस, नेटवर्क, सगळं एका पेन ड्राइव्हपायी अडकतं.

आता खरंच उठतंय का ते पाहा

सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड कूपन असं विचारलं की एनेबल्ड असं उत्तर येतं. ते पुरेसं नाही. मशीन एकदा रीबूट करा, आणि कीबोर्डला हात लावू नका. लॉगिन करू नका. मोबाइलवरून पान उघडून बघा. तुम्ही लॉगिन केलंत तर काय तुमच्यामुळे उठलं आणि काय आपोआप, ते कळत नाही. हे पाहायची वेळ दुपारी तीनची, जेवणाच्या आधीची नाही.

पान उघडलं नाही तर सिस्टमसीटीएल --फेल्ड लिहा. ज्या सर्व्हिस पडल्या त्यांची यादी येते. मग जर्नलसीटीएल -बी -यू कूपन, म्हणजे या बूटमधल्या फक्त कूपनच्या नोंदी. शेवटच्या पाच-दहा ओळींत उत्तर असतं: फाइल सापडली नाही, परवानगी नाही, डेटाबेसने नकार दिला. मागच्या बूटच्या नोंदी हव्या असतील तर -बी नंतर -1 द्यायचं. काही वितरणांत जुन्या नोंदी रीबूटनंतर पुसल्या जातात. तसं होत असेल तर जर्नलडीच्या सेटिंगमध्ये स्टोरेजपुढे पर्सिस्टंट लिहा, नाहीतर गुरुवारी काय झालं ते शुक्रवारी कळणार नाही.

सिस्टमडी नसलेल्या ठिकाणी रूप बदलतं, कल्पना तीच. अल्पाइनवर आरसी-अपडेट ॲड कूपन डिफॉल्ट, फ्रीबीएसडीवर /ईटीसी/आरसी.कॉन्फ फाइलमध्ये सर्व्हिसच्या नावापुढे अंडरस्कोर एनेबल बरोबर यस, मॅकवर लाँचडीची पीलिस्ट फाइल. क्रॉनमध्ये ॲट-रीबूट लिहूनही प्रोग्रॅम सुरू करता येतो, आणि एखाद्या छोट्या स्क्रिप्टला ते चालून जातं. पण प्रोग्रॅम पडला तर क्रॉन त्याला पुन्हा उचलत नाही आणि डेटाबेसची वाटही पाहत नाही, त्यामुळे मेसच्या कामाला ते नको.

शक्य असेल तर एक छोटा यूपीएस घ्या, आणि त्यावर कॉम्प्युटरबरोबर राउटरही लावा. सहा तासांच्या लोडशेडिंगला तो पुरणार नाही. पण त्याची यूएसबी केबल कॉम्प्युटरला जोडून नट नावाचं सॉफ्टवेअर बसवलं, तर बॅटरी संपत आली की मशीन स्वतः नीट शटडाउन होतं आणि डेटाबेस अर्धवट तुटत नाही. लाइट आल्यावर बायोसमधला 'सुरू हो' त्याला उठवतो. फक्त मशीन शटडाउन झाल्यावर यूपीएसनेही आपला पुरवठा तोडला पाहिजे, नाहीतर लाइट परत आल्याचं मशीनला कळतच नाही. नटमध्ये त्याचीही सोय आहे.